गवताच्या पाण्यातली वस्ती

सारंगखेड्याची यात्रा उठून पाच दिवस झाले असतील. तापीकाठच्या बोरटेंभे गावात, भिलाटी या भिल्लांच्या वस्तीतली कालीबाई पटकीनं, म्हणजे कॉलऱ्यानं गेली. सकाळी डोक्यावर गवताचा भारा घेऊन ती जाताना लोकांनी पाहिली होती. दिवस मावळायच्या आत तिला माती दिली. दोन दिवसांनी भिलाटीतलीच आणखी दोघं गेली, आणि मग रोग वरच्या गल्लीत आला. एकोणीसशे सदतीस सालच्या त्या थंडीत, आठ दिवसांत, बोरटेंभ्यातली सात माणसं गेली.

गावच्या शाळेचे मास्तर मगन गुरुजी तेव्हा महिन्याभराच्या वर्गासाठी धुळ्याला गेले होते. शाळेला लागून असलेल्या दोन खोल्यांत त्यांची बायको छबूबाई एकटी होती. वय चोवीस, लग्नाला नऊ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आणि ओसरीच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या नऊ काचेच्या बरण्या.

त्या बरण्यांची सुरुवात गुरुजींनीच केली होती. नंदुरबारचे एक गुरांचे डॉक्टर नोकरी संपवून गावी निघाले, तेव्हा जाताना त्यांनी गुरुजींना एक पितळी सूक्ष्मदर्शक दिला. गावात त्याला सगळे दुर्बीणच म्हणत. गुरुजींनी चौथीच्या मुलांसाठी वाळलेलं गवत कापून पाण्यात उकळलं, गार केलं, त्यात नदीचं चमचाभर पाणी घातलं आणि बरणी तशीच ठेवून दिली. दहाव्या दिवशी मुलांनी एकेक थेंब पाहिला, हसली, आणि विसरली. गुरुजीही विसरले. सगळ्यांत शेवटी, मुलं गेल्यावर, छबूबाईनं डोळा लावला. ती पाण्याची घागर भरायची सोडून तासभर तिथंच उभी राहिली.

तेव्हापासून आठ महिने ती हे करत होती. कोणत्या बरणीत कोणतं गवत, कधी उकळलं, कधी उघडं ठेवलं, हे ती शाळेच्या जुन्या वहीत मोडक्या अक्षरांत लिहून ठेवी. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाण्यावर दुधाच्या सायीसारखा पापुद्रा धरतो. आधी येतात ते ठिपक्याएवढे, नुसते थरथरणारे. मग त्यांना खाणारे मोठे. वहाणेच्या तळव्यासारखा आकार असलेल्यांना ती वाहना म्हणे. देठावर डोलणाऱ्या घंट्या. आणि सगळ्यांत शेवटी येणारं जातं, ज्याच्या तोंडाशी चाकासारखं काहीतरी गरगर फिरतंय असं वाटे. वाहना फार पळत, नजरेत ठरत नसत. शेजारच्या हबीब पिंजाऱ्याची बायको साबिरा तिला पिंजलेला कापूस देई. त्याचे दोन-चार तंतू थेंबात टाकले की वाहना त्यांत अडकून हळू होत.

एकदा गुरुजी म्हणाले होते, "यांच्यानं काही होत नाही. रोगाचे जंतू वेगळे, फार बारीक. आपल्या या दुर्बिणीतून ते दिसणारही नाहीत." ते वाक्य तिच्या लक्षात होतं. पण गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं, की कुठंतरी वाचून ते बोलले होते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता ती विचारू शकत नव्हती.

कारण तिच्या मनात एक गोष्ट खुपत होती. कालीबाई गेली त्याच्या आदल्या दिवशी तिनं एक आंबलेली बरणी मोठ्या विहिरीच्या कठड्यापाशी नेऊन धुतली होती. पाणी मोरीतून केळीच्या खाचरात गेलं, हे तिनं पाहिलं होतं. पण एखादा शिंतोडा आत उडाला नसेलच, हे कोण सांगणार? आठ दिवस ती रोज हेच आठवत होती. बरणी कुठल्या हातात होती, आपण कुठल्या बाजूला उभ्या होतो.

तिला बरणी धुताना भिकुबाईनं पाहिलं होतं. भिकुबाई म्हणजे भिला आप्पाची बायको. भिला आप्पा गावातला मोठा, मानाचा शेतकरी. मंगळवारी त्याची आई गेली, गुरुवारी सात वर्षांची मुलगी.

शनिवारी सकाळी साबिरा धावत आली.

"मास्तरीणबाई, दार लावी ल्या. भिकुबाईनी सांगी टाकं. मास्तरीणनी तिन्हा किडास्नं पाणी इहीरमा टाकं, म्हने. बठा लोके जमी ऱ्हायनात."

छबूबाईच्या हातातली पळी तशीच राहिली. "मी विहिरीत काही टाकलं नाही गं."

"माले माहीत शे. पन बाभुळना काटा टाकीसन त्यास्नी इहीर बंद करी दिनी. आते कोनीच तठलं पाणी भरत नही. बठ्या बाया झिरावर गयात."

"सगळ्या झिऱ्यावर?"

झिरा म्हणजे नदीच्या वाळूत खणलेला खड्डा. त्यात गार, गोड पाणी पाझरून येई. भिलाटीला गावच्या विहिरीवर भरू देत नसत, म्हणून ती माणसं झिऱ्याचंच पाणी पीत. वरच्या गल्लीतही काही घरांना विहिरीचं मचूळ पाणी आवडत नसे. आणि झिऱ्याच्या वरच्या अंगाला, वीसेक पावलांवर, धुण्याचा घाट होता. कालीबाईचं अंथरूण तिथंच धुतलं होतं. त्यानंतर इतरांचीही.

छबूबाईनं पळी खाली ठेवली. मेलेली सात माणसं तिनं बोटांवर मोजली. भिलाटीतली तिघं, झिऱ्याची. भिला आप्पाची आई तर गावभर सांगे की मी जन्मात विहिरीचं पाणी प्यायले नाही. उरलेल्या तिघांचं तिला माहीत नव्हतं. सातांतल्या चौघांचं नक्की, आणि आज सगळं गाव तिकडेच घागरी घेऊन गेलेलं.

"साबिरा, एक काम करशील? एक तांब्या झिऱ्याचं पाणी आण. पिऊ नकोस. हात लागला तर राखेनं धू."

साबिरा परसातून गेली. ती वळली नसेल तोच पुढल्या दारी माणसं आली.

पंचवीस-तीस जण असतील. पुढं भिला आप्पा, खांद्यावर कुऱ्हाड. तो ओरडत नव्हता. चार दिवस झोप नसलेल्या माणसाचे डोळे जसे दिसतात तसे त्याचे डोळे होते, आणि छबूबाईला त्याचीच जास्त भीती वाटली. मागं बायांत भिकुबाई होती, पदराचा बोळा तोंडात धरून.

"बरन्या कोठे शेत?" भिला आप्पा म्हणाला.

फळी समोरच होती.

तेवढ्यात पोलीस पाटील इंद्रसिंग गर्दीतून वाट काढत पुढं आला. अंगात खाकी कोट, गळ्याला मफलर. त्यानं शहाद्याला निरोप धाडून चार दिवस झाले होते. डॉक्टर अजून आला नव्हता.

"आप्पा, दम धरा. आधी इचारू तर द्या." तो छबूबाईकडं वळला. "मास्तरीणबाई, खरं सांगा. बरन्यामा काय शे?"

"गवताचं पाणी," ती म्हणाली. "त्यात बारीक जीव असतात. मी ते पाहते."

गर्दीत कुजबुज उठली. कोणीतरी म्हणालं, "देखा, कबूलच करी ऱ्हायनी!"

"तुम्ही पाहा, पाटीलबाबा. मग ठरवा."

तिनं दुर्बीण ओसरीच्या कडेला, उन्हात आणली. आरसा उजेडाकडं वळवला. काचेवर बरणीतला थेंब टाकला, कापसाचे तंतू ठेवले. इंद्रसिंग वाकला आणि झटकन मागं सरला, जणू कोणी डोळ्यात बोट घातलं.

"अरे बापरे. वळवळ करी ऱ्हायनात."

मग एकेक जण वाकला. भिला आप्पा वाकला नाही.

"आता विहिरीचं पाहा," छबूबाई म्हणाली. तिनं विहिरीच्या पाण्यानं भरलेल्या घरच्या रांजणाच्या तळाचा गाळ बोटानं घेतला, कारण वरच्या पाण्यात काही सापडत नाही हे तिला माहीत होतं. थेंबात दोनच वाहना होत्या, पण होत्या; त्या सगळ्याच पाण्यात असतात, हे तिला दाखवायचं होतं. आपण काय केलं, हे ती दाखवून झाल्यावरच तिच्या लक्षात आलं.

"तेच किडे!" दुसऱ्यांदा पाहणारा माणूस ओरडला. "बरनीमाधला किडा इहीरमा!"

माणसं ओसरीवर चढली. कोणीतरी तिचा दंड धरला. इंद्रसिंगानं हात आडवा घालून तिला आतल्या खोलीत ढकललं आणि दार अर्धं लोटलं.

"ऐका," तो हळू आवाजात म्हणाला. घाम त्याच्या कपाळावरून मफलरमध्ये उतरत होता. "मी यास्ले फार वखत थोपाडू शकत नही. तुम्ही इतलंच बोला की हाऊ किडा म्हनजेच पटकी. आनि बोला, मास्तरनी माले सांगेल व्हतं, इहीरमाधला किडा धरीसन बरनीमा ठेवज्यो. तपासाले. उकळं म्हनजे किडा मरस ना?"

"मरतात."

"मंग झायं. लोके पाणी उकळतीन, तुम्हनावरनं बालंट जाई. तुम्हनंबी भलं, गावनंबी भलं."

छबूबाईनं भिंतीला पाठ टेकली. किती सोपं होतं. खोटं असलं तरी कोणाचं वाईट करणारं खोटं नव्हतं. तिनं मान हलवायची तेवढी बाकी होती.

परसदारातून साबिरा आत आली, हातात तांब्या. "आनं पाणी. झिरावर रांग लागेल शे."

छबूबाईनं पाण्याकडं पाहिलं. तांब्याचा तळ दिसत होता, इतकं ते नितळ होतं. यात वाहना असतील का? ती तशीच बाहेर गेली आणि गर्दी काही बोलायच्या आत त्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवला. आधी स्वतः पाहिलं. मग इंद्रसिंगाला म्हणाली, "पाहा."

तो वाकला. काच सरकवून पुन्हा वाकला. "काहीच नही. आरसा शे जसा."

"झिरानं पाणी साफ शे!" मागून आरोळी उठली. "पाटीलनी देखं, झिरामा किडा नही!" दोन बाया तर घागरी आणायला वळल्याच.

आता तिला कळलं की पाटलाचं ते सोपं खोटं काय करणार होतं. वाहना म्हणजेच पटकी असं एकदा ठरलं की जिथं वाहना नाहीत ते पाणी अमृत. उकळायचं कशाला? सगळं गाव झिऱ्यावर पोट भरून येईल.

"थांबा!" ती ओरडली. नऊ वर्षांत त्या गावात तिचा चढलेला आवाज कोणी ऐकला नव्हता. "थांबा, झिऱ्याचं पिऊ नका! या वाहनांनी कोणी मरत नाही. त्या सगळ्या पाण्यात असतात. तुमच्या रांजणाचा तळ आणा, देवळाच्या आडाचं आणा. गवत पडलं तिथं त्या येतातच. आपण जन्मभर त्या पीत आलो. पटकीचा जीव वेगळा आहे. तो यांच्याहून बारीक. तो या दुर्बिणीला दिसत नाही."

इंद्रसिंगानं डोळे मिटून घेतले.

"दिसत नही?" भिला आप्पा पहिल्यांदाच ओसरीची पायरी चढला. "मंग तुले कसं माहीत, तो कोठे शे?"

"नक्की माहीत नाही."

"नही माहीत." त्यानं कुऱ्हाड खांद्यावरून खाली घेतली. "किडानी काहीच व्हत नही म्हनस. मंग पी. बरनीमाधलं पी मन्हासमोर."

"पिणार नाही, आप्पा. ते सडलेलं पाणी आहे. पिऊन मी आजारी पडले तरी काही ठरत नाही, नाही पडले तरी नाही."

"पी!"

"आप्पा," ती म्हणाली. "तुमच्या आईनं कधी विहिरीचं पाणी प्यायलं होतं?"

भिला आप्पानं कुऱ्हाडीचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"त्या झिऱ्याचंच पीत होत्या. सगळ्यांना माहीत आहे. कालीबाई झिऱ्याचं, भिलाटीतली ती दोघं झिऱ्याचं. आणि तुमची पोर..." पुढचं तिला विचारवेना. पण अर्ध्यावर सोडताही येईना. "पोरीला पाणी कोण पाजत होतं?"

गर्दीच्या मागून भिकुबाईचा आवाज आला, जेमतेम ऐकू येईल असा.

"आजीनाच लोटामाईन पिये ती. मन्हा हातनं घेतच नव्हती."

मग जे झालं ते फार भरभर झालं. भिला आप्पानं बायकोकडं पाहिलं, छबूबाईकडं पाहिलं, आणि त्याच्या तोंडून एक आवाज निघाला, शब्द नव्हे. कुऱ्हाडीचा दांडा त्यानं फळीवर घातला. एका फटक्यात चार बरण्या गेल्या, दुसऱ्यात उरलेल्या. फळी तुटून लोंबकळली. साबिरानं दुर्बीण पोटाशी धरली म्हणून तेवढी वाचली. गवताचं ते पिवळट, घाण वास मारणारं पाणी ओसरीवरून पायरीपर्यंत वाहत आलं, आणि इतकी सगळी पुरुष माणसं पायांना लागू नये म्हणून उड्या मारून मागं सरली.

छबूबाई जागची हलली नाही. पायात काच गेली होती. ती त्याच पाण्यात अनवाणी उभी होती आणि टाचेतून रक्त येऊन त्यात मिसळत होतं.

"फोडल्या ना? आता झालं," ती म्हणाली. "आता घरी जा आणि पाणी उकळा. विहिरीचं असो, झिऱ्याचं असो. खळखळ बुडबुडे येईपर्यंत. मी खोटी असेन तर तुमचं सरपण जाईल, बाकी काही नाही."

आधी भिकुबाई निघाली. कोणाशी न बोलता ती घरी गेली, आणि थोड्या वेळानं तिच्या घराच्या धाब्यावरून धूर वर जाताना लोकांना दिसला. ती स्वयंपाकाची वेळ नव्हती.

दुपारी इंद्रसिंगानं विहिरीवरचा काटा उचलून झिऱ्यावर टाकला आणि तिथं माणूस बसवला. छबूबाई टाचेला चिंधी बांधून त्याच्याकडं गेली.

"पाटीलबाबा, मग भिलाटीनं काय प्यायचं?"

त्यांना विहिरीवर घ्यायचं तर आज सकाळची गर्दी उद्या त्याच्या दारात आली असती. शेवटी ठरलं की दोन गडी विहिरीचं पाणी शेंदतील आणि भिलाटीच्या वेशीवर ठेवलेल्या त्यांच्या मडक्यांत वरून ओततील. काहींनी तेवढ्यावरही कुरकुर केली. पण इंद्रसिंगानं ते केलं.

त्यानंतरचे पाच दिवस छबूबाईच्या जन्मात सर्वांत लांब होते. जिच्या जखमेत ते पाणी गेलं ती जगते की मरते, हे गाव पाहत होतं. सकाळी ती दार उघडी, तेव्हा समोरच्या ओट्यावर दोघं-तिघं बसलेली असत, उगाच. तीही स्वतःला पाहत होती. पोटात जरा गुडगुडलं की तिला कापरं भरे. टाच सुजली, ठणकली, एक दिवस ताप आला. साबिरा हळद आणि गरम पाणी घेऊन दोन्ही वेळा येई आणि मुद्दाम मोठ्यांदा, रस्त्यावर ऐकू जाईल असं बोले, "आज बरं दिसस!" सहाव्या दिवशी ताप उतरला. त्याच दिवशी शहाद्याहून डॉक्टर आला. त्यानं विहिरीत लाल औषध टाकलं, दंडात सुया टोचल्या, आणि झिरा पाहून म्हणाला, "हा बुजवा."

त्या शनिवारनंतर बोरटेंभ्यात आणखी चौघं गेली. त्यांतल्या तिघांच्या घरी त्या सकाळी झिऱ्याचं पाणी भरलं होतं. चौथ्याचं कोणालाच सांगता आलं नाही. छबूबाईनं वहीत तसंच लिहिलं.

मगन गुरुजी परतले, तेव्हा तुटलेली फळी पाहून आधी घाबरले, मग सगळं ऐकून चिडले. "काही नाही त्यात, नुसतं गवताचं पाणी आहे, एवढं म्हणून गप्प बसायचं होतंस. दुर्बीण दाखवायची काय गरज होती?"

"तुम्ही म्हणाला होतात ते नक्की खरं होतं का?" तिनं विचारलं. "की यांच्यानं काही होत नाही म्हणून?"

"पुस्तकात तसं होतं," ते म्हणाले. "मी स्वतः कधी पडताळलं नाही."

भिला आप्पा त्या घराशी पुन्हा कधी बोलला नाही. त्याचा राग छबूबाईला समजत होता. त्या दिवशी तिनं त्याला जे विचारलं ते त्याच्या मनातून जाणार नव्हतं, आणि तिच्याही नाही. भिकुबाई मात्र विहिरीवर भेटली की तिला आधी भरू देई. तेवढंच, शब्दानं काही नाही.

रोग ओसरला तसे पाणी ओतणारे दोन गडी बंद झाले. छबूबाई पुन्हा इंद्रसिंगाकडं गेली. विहिरीचं तो ऐकेना, पण धुण्याच्या घाटाच्या वरच्या अंगाला नवा झिरा खणून द्यायला तयार झाला. तो खणून झाला त्या सकाळी ती भिलाटीत गेली. कालीबाईचा नवरा आमशा नव्या झिऱ्यातली वाळू काढत होता.

"याच्या वर कोणाला धुणं धुऊ देऊ नका," ती म्हणाली.

आमशानं ऐकून घेतलं. मग त्यानं हातातलं पाणी झटकलं आणि नदीच्या वरच्या बाजूला, जिकडून तापी येत होती तिकडं पाहिलं.

"आम्ही नही धुवाव. पन बाई, वरल्या गावेस्मा कोन काय धुवस, ते कोनले माहीत?"

छबूबाईनंही तिकडं पाहिलं. पात्र लांबवर पांढरं दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडं काय होतं हे तिला माहीत नव्हतं.

"मलाही माहीत नाही," ती म्हणाली. "म्हणून उकळायचं."

"सरपन लागी."

"लागेल."

आमशानं मान हलवली आणि पुन्हा वाळू काढायला लागला. छबूबाई पदर खोचून खाली उतरली आणि त्यानं वर टाकलेली ओली वाळू पाटीत भरून कडेला नेऊ लागली.